चार नंबर चेंबरमधली रेंज

तासगावच्या सौद्यात एका शेतकऱ्याचा दोनशे बारा पेट्यांचा लॉट विकला गेला आणि आमच्या कोल्ड स्टोअरेजमधून गाडीत चढला दुसऱ्याच शेतकऱ्याचा. दोघांचं आडनाव एक, गाव एक, आणि लॉट नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटसुलट. एकाचा बेदाणा हिरवा, लांबट, दुसऱ्याचा पिवळा. व्यापाऱ्यानं पेटी उघडून बघितली म्हणून कळलं. गाडी परत बोलावली, हमाली दोनदा भरली, बोलणी खाल्ली ती वेगळीच. आबा, म्हणजे माझे सासरे, त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "चेंबरमध्ये फोन लागत असता तर तात्यानं एकदा विचारलं असतं."

तात्या आमचे स्टोअरकीपर. ऑफिसातून चिठ्ठी घ्यायची, चेंबरमध्ये जायचं, थप्पी शोधायची, हमालांना दाखवायची. शंका आली तर बाहेर या, सत्तर मीटर चालून ऑफिसात या, रजिस्टर बघा, परत आत जा. आत चार-पाच अंश, बाहेर एप्रिलचं ऊन. घाईच्या दिवशी कोण एवढं करतंय? चेंबरचं दार लागलं की मोबाईलची एकही काडी उरत नाही.

मग मी ठरवलं की प्रत्येक थप्पीला क्यूआर कोडचं कार्ड लावायचं, तात्यांनी फोननं ते स्कॅन करायचं, आणि लॉट जुळला तरच पेटी हलवायची. प्रोग्रॅम ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर चालणार होता, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काम थांबणार नव्हतं. राहिलं होतं ते फक्त चेंबरमध्ये वाय-फाय पोचवणं. ते मी एका दुपारचं काम धरलं होतं. त्यात एक अख्खा सीझन गेला.

आधी जागा कशी आहे ते सांगते, कारण सगळं अडलं ते जागेपाशीच. आमचे चार चेंबर. एक आणि दोन नंबर जुने: विटांची भिंत, आतून थर्मोकोल, त्यावर प्लॅस्टर, आणि ते प्लॅस्टर धरून राहावं म्हणून जाळी, गवंडी जिला चिकन मेश म्हणतात ती. तीन आणि चार नंबर नवे, पफ पॅनेलचे. पफ पॅनेल म्हणजे फोम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा. चारही चेंबर एका अँटीरूमवर, म्हणजे दारांबाहेरच्या मधल्या खोलीवर, उघडतात. पलीकडे मशीनरूम, आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग-ग्रेडिंगची शेड.

पहिली खरेदी सांगलीच्या एका दुकानातून, चार अँटेनांचा राउटर, पाच हजार दोनशेला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एएक्स १५००'. मला वाटलं पंधराशेचा वेग. घरी आल्यावर कळलं की हा आकडा बेरजेचा आहे: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१, मिळून गोल पंधराशे. कुठलाही एक फोन दोन्ही पट्ट्यांची बेरीज वापरत नाही. आणि आमची फायबरची लाईन मुळात १०० एमबीपीएसची. राउटर अँटीरूमच्या भिंतीवर टांगला. बाहेर पाच काड्या. तात्या तीन नंबरमध्ये शिरले, दार लावलं, दोन मिनिटांनी बाहेर आले. "वैनी, आत न्हाई येत. दारात उभं ऱ्हायलं तर येतंय."

दार उघडं ठेवून काम करायचं तर मग कोल्ड स्टोअरेज कशाला म्हणायचं!

दुसरी खरेदी त्याहून शहाणी वाटली होती. मेश. तीन डबे, साडेतेरा हजार. एक डबा दुसऱ्याशी बिनतारी बोलतो, दुसरा तिसऱ्याशी, कुठेही वायर ओढायची नाही. घरासाठी हे उत्तम, आमच्या वरच्या मजल्यावर आता तेच चालतं. पण आतल्या डब्यानं बाहेरच्या डब्याशी बोलायचं तर मध्ये तोच पत्रा. ज्या भिंतीतून फोनचा सिग्नल जात नाही, त्या भिंतीतून डब्याचा तरी कसा जाईल? हे दुकानदाराला सुचलं नाही ते ठीक, मलाही पैसे दिल्यावरच सुचलं.

मग एका पुण्याच्या पुरवठादाराकडून कोटेशन मागवलं. माणूस येऊन फिरून गेला, फोटो काढले, पाच पानी पीडीएफ पाठवली. दोन लाख पंच्याऐंशी हजार. शिवाय कंट्रोलर, म्हणजे सगळे डबे सांभाळणारा प्रोग्रॅम, क्लाउडवर आणि त्याचं लायसन्स दरवर्षी. मी फोनवर विचारलं, "एखाद्या वर्षी लायसन्सचे पैसे भरले नाहीत तर डबे बंद पडतात का?" तो म्हणाला, "तशी वेळ येणार नाही मॅडम." हे उत्तर नव्हतं. बेदाण्याचा भाव पडला की अशी वेळ आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी येते.

जानेवारीत माझा भाचा पुण्याहून आला. तो एका कंपनीत नेटवर्किंगचंच काम बघतो. राउटर बघून त्यानं अँटेना मोजल्या नाहीत, भिंतीवर टिचकी मारली. "आत्या, तू डब्यात राहतेस. पत्र्याच्या डब्यात." जुन्या चेंबरला निदान विटाच आहेत ना, असं मी म्हणाले, तर त्यानं जाळीचं गणित समजावलं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. जाळीचं भोक अर्धा-पाऊण इंच. लहरीच्या मानानं भोक इतकं बारीक असलं की जाळी तिला जवळजवळ पत्र्यासारखीच वाटते. म्हणजे आमच्या जुन्या गवंड्यानं नकळत आख्खा चेंबर पिंजऱ्यात घातला होता.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मी नंतर अनेकांना सांगितली आहे. राउटर जोरात ओरडू शकतो, पण फोनचा आवाज बारीकच असतो. तुम्ही कितीही ताकदीचा राउटर लावा, फोनला ऐकू येईल, काड्याही भरलेल्या दिसतील, पण फोननं दिलेलं उत्तर राउटरपर्यंत पोचणार नाही. काड्या पुऱ्या आणि पान उघडत नाही, हा अनुभव बहुतेकांना असतोच. म्हणून एका जागी ताकद वाढवून उपयोग नसतो. डबा माणसाजवळ न्यावा लागतो. आमच्या बाबतीत, प्रत्येक चेंबरच्या आत. आणि आत न्यायचा तर वायरनंच.

वायर नको म्हणून मी महिनाभर हिंडत होते.

पण यावेळी आधी काही विकत घेतलं नाही. भाच्यानं त्याच्या ओळखीतून एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीनं जोडून वाय-फाय पसरवणारा डबा, आठ दिवसांसाठी आणला. शिडीवर तो बांधला, खाली छोटा यूपीएस, आणि चेंबरच्या फरशीवर खडूनं चौकोन आखून प्रत्येक चौकोनात उभं राहून फोनवरच्या ॲपमध्ये सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघायचा. हा आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५-६७ पर्यंत कामाला छान, उणे ८० च्या खाली गेलं की रडगाणं. मी माझ्या फोनवर मोजत होते तर भाच्यानं तो काढून घेतला. "तात्यांच्या फोनवर मोज. सगळ्यात साधा फोन ज्याचा, त्याच्यावर." तात्यांच्या फोनला ५ गिगाहर्ट्झ नव्हतंच. त्यामुळे चेंबरसाठी तोही प्रश्न सुटला: २.४ वर चालवायचं. लॉट नंबर तपासायला वेग लागतोच किती?

पत्र्याची एक गंमत इथे कळली. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची त्यावर खेचाखेची चालते. आमच्या चेंबरमध्ये बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, आणि एका चेंबरचं दुसऱ्यात जात नाही. सगळीकडे एकच चॅनेल लावला असता तरी चाललं असतं. ज्या भिंतींनी दोन महिने छळलं त्यांनी हे एक काम फुकटात केलं.

डबे कोणते घ्यायचे यात कंपनीच्या नावावर फार वेळ घालवला नाही. मी चारच गोष्टी विचारल्या. वर्षाचं लायसन्स आहे का, आणि नाही भरलं तर काय होतं. बिघडला तर सांगली-मिरजेत बदलून कोण देतं. एकाच वायरीतून वीज आणि डेटा, म्हणजे पीओई, आहे का. आणि किती थंडीत, किती ओलीत चालतो. शेवटच्या प्रश्नावर दुकानदार गडबडले. घरात-ऑफिसात लावायचे बहुतेक डबे शून्य ते चाळीस अंशांसाठी असतात. आमचे चार-पाच अंश त्यात बसतात, पण खरी भीती थंडीची नव्हे, दवाची. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरते आणि गार वस्तूवर पाणी धरते. म्हणून चेंबरसाठी बाहेरच्या जागेत लावायचे, पाणी-धूळ न शिरणारे आयपी ६७ चे डबे घेतले. ऑफिस, अँटीरूम आणि ग्रेडिंगला साधे.

भाच्याच्या एका मित्रानं दुबईहून स्वस्तात आणून देतो म्हणून सांगितलं होतं. नको म्हटलं. बिनतारी उपकरणाला आपल्याकडे सरकारच्या दूरसंचार खात्यातल्या डब्ल्यूपीसी विंगची मंजुरी लागते, ईटीए म्हणतात तिला, आणि तिकडच्या डब्याची गॅरंटी इथे कोण पाळणार?

आता वायर. इथे मला वाटलं नव्हतं इतकं शिकायला मिळालं.

सरळ रस्ता मशीनरूममधून जात होता. आमचा रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक ते बघून धावतच आला. "मॅडम, इथनं तांबं नेऊ नका." आमचा प्लांट अमोनियाचा. अमोनिया आणि तांबं यांचं वैर, जरा दमट हवा मिळाली की तांबं-पितळ खाऊन टाकतो. म्हणून प्लांटच्या पाइपलाइनीतही तांबं नसतं, सगळं लोखंड. केबल वरून प्लॅस्टिकनं झाकलेली असते, पण टोकाचे कनेक्टर आणि सगळ्या केबली जिथे जोडतात ती पेटी, म्हणजे स्विच? गळती कुठे ना कुठे थोडीफार होतेच. स्विच ऑफिसात नेला, केबलला तीस मीटरचा वळसा पडला. तांब्याच्या केबलीला शंभर मीटरची मर्यादा असते. चार नंबरची लाईन अठ्ठ्याऐंशीवर बसली.

चेंबरला भोक पाडणं हे दुसरं प्रकरण. आबांचा जीव वरखाली होत होता, पॅनेलला भोक म्हणजे त्यांच्या छातीलाच. भोक बाहेरून फोमनं बुजवलं की झालं असं इलेक्ट्रिशियनला वाटलं. पण बाहेरची दमट हवा पाइपाच्या आतून सरकत जाते आणि गार टोकाला पाणी होऊन टपकते, तेही नेमकी कनेक्टरवर. पहिल्याच आठवड्यात तीन नंबरच्या डब्याखाली ओघळ दिसला. मग प्रत्येक पाइपचं तोंड केबलीभोवती आतूनही बुजवलं आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल दिला, पाणी आलंच तर झोलावरून गळून जावं म्हणून.

त्यापाठोपाठ चार नंबरचा डबा मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. विचित्र म्हणजे कोणी वापरत नसताना नीट चाले, तात्यांनी दोन-चार कार्डं स्कॅन केली की बसे. दुकानदार म्हणाला डबा खराब. डबा एक नंबरला लावून बघितला, तिथे उत्तम. भाच्यानं फोनवर विचारलं, "केबल कितीला घेतलीस?" चव्वेचाळीसशेला तीनशे पाच मीटरचं खोकं. "ब्लेडनं तार खरवड." खरवडली. वरून तांबूस, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर मात्र कॅट-६, म्हणजे नेटवर्क केबलीचा चांगला दर्जा, असं ठळक छापलेलं. ॲल्युमिनियममधून वीज जाताना जास्त अडते, अठ्ठ्याऐंशी मीटरवर डब्याला जेमतेम पुरेल इतकीच पोचत होती, आणि काम वाढून डब्यानं जास्त ओढली की कमी पडायची. सगळी केबल काढली. शुद्ध तांब्याची दोन खोकी आणली, बावीस हजारांना. जुनं खोकं दुकानदारानं परत घेतलं नाही. आता ते वाळत घालायच्या जाळ्या बांधायला रॅकच्या शेडवर कामाला आलंय, एवढंच.

ग्रेडिंगच्या शेडला मात्र तांबं नेलंच नाही. साठ मीटर उघडं आवार, वर वळवाच्या विजा. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टांगली की एखादी वीज जवळपास पडली तरी दोन्ही टोकांची उपकरणं जातात. तिथे फायबर टाकली; काचेतून वीज जात नाही. आमच्या केबलवाल्या पोरानं तासाभरात जोडून दिली आणि चहा पिऊन गेला. सगळ्या कामात एवढं एकच पहिल्या फटक्यात झालं.

पीओईचा फायदा मला वाटलं होतं त्याहून वेगळाच निघाला. आमच्याकडे लाईट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत मिनिटभर सगळं बंद. पूर्वी राउटर बंद पडून परत सावरेपर्यंत तीन-चार मिनिटं जायची आणि तेवढ्यात तात्या चिठ्ठीवर काम सुरू करायचे. आता फायबरवरचा ग्रेडिंगचा डबा सोडला तर सगळ्या डब्यांना वीज एकाच स्विचमधून जाते, स्विचला एक नऊ हजारांचा यूपीएस. दिवे जातात, वाय-फाय राहतं.

फेब्रुवारीअखेर सगळं लागलं. चारही चेंबरमध्ये कुठेही उभं राहा, उणे ५५ ते ६०. मी आबांना आत नेऊन दाखवलं. मग माल यायला लागला.

मार्च-एप्रिलला द्राक्षं रॅकवर वाळतात आणि पेट्यांचा लोंढा सुरू होतो. पंधरा-पंधरा किलोची पेटी, थप्पीवर थप्पी, छतापर्यंत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तात्या आले. "वैनी, चार नंबरला मागच्या अंगाला परत बंद झालं." मी त्यांचा फोन घेऊन आत गेले. जानेवारीत ज्या चौकोनात उणे ५८ लिहिलं होतं तिथे उणे ८४. दहा डीबी कमी म्हणजे सिग्नल दहापट कमी. सव्वीस कमी म्हणजे जवळजवळ चारशेपट. डबा तोच, केबल नवी, भिंत तीच. मध्ये फक्त बेदाणा आला होता. बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि पाणी सिग्नल पिऊन टाकतं. आमच्या डब्याच्या आणि तात्यांच्या मध्ये टनावारी बेदाणा उभा होता, आणि आम्ही मोजमाप केलं होतं रिकाम्या चेंबरमध्ये, दिवाळीला माल निघून गेल्यावर, फरशी मोकळी म्हणून सोयीचं पडतं म्हणून!

भाच्याला फोन केला तर तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "आत्या, हे मला सुचायला हवं होतं." ऑफिसांमध्ये काम केलेला पोरगा, तिथे माणसं वाढतात, भिंती छतापर्यंत वाढत नाहीत.

उपाय अवघड नव्हता. आम्ही डबा चेंबरच्या मधोमध छताला लावला होता, थप्प्यांच्या डोक्यावर. तो काढून गल्लीच्या तोंडाशी, गल्लीत सरळ बघेल असा लावला, कारण माल कितीही भरला तरी हमालांना जायला गल्ली मोकळी ठेवावीच लागते. चार नंबरला दोन गल्ल्या, म्हणून तिथे दुसरा डबा. भरलेल्या चेंबरमध्ये, अंगात जर्किन घालून, शिडीवर चढून हे सगळं केलं. जानेवारीत केलं असतं तर अर्ध्या कष्टात झालं असतं.

आणखी एक किरकोळ दुरुस्ती: ऑफिसच्या डब्याची ताकद कमी केली. फोन एकदा एका डब्याला चिकटला की सहजी सोडत नाही, कुठला डबा धरायचा ते फोन ठरवतो. तात्या ऑफिसातून निघून अँटीरूमपर्यंत आले तरी फोन ऑफिसलाच लटकलेला. आवाज कमी केल्यावर वेळेवर सोडायला लागला. व्यापारी नमुने बघायला येतात त्यांच्यासाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड ठेवलाय. आधी फर्मच्या नावापुढे एक-दोन-तीन हा पासवर्ड निम्म्या मार्केट यार्डाला पाठ होता.

हिशेब असा झाला. आठ डबे मिळून साडेपासष्ट हजार. स्विच सतरा, केबल बावीस, यूपीएस नऊ, आणि पाइप, रॅक, फोम, मजुरी धरून एकतीस हजार. एकूण एक लाख साडेचव्वेचाळीस हजार, त्यातले एकोणऐंशी हजार वायर आणि वायरीच्या गोतावळ्यावर. वाया गेलेले तेवीस हजार शंभर यात धरलेले नाहीत. ते आबांनाही अजून सांगितलेले नाहीत.

मे महिन्यात एका संध्याकाळी माझा फोन वाजला, तात्यांचा. मागे कॉम्प्रेसरचा आवाज नाही, माणसांचा नाही, एकदम शांत. "वैनी, चार नंबरमधनं बोलतोय. दार लावून घेतलंय." वाय-फायवरून कॉल जातो हे त्यांना केबलवाल्या पोरानं शिकवलं होतं. आत अडकलं तर वाजवायची घंटा आहे, दार आतून उघडायचा दांडाही आहे, तरी पंचवीस वर्षं त्या चेंबरमध्ये एकटं शिरताना त्यांना काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नव्हतं. "काम काय होतं तात्या?" मी विचारलं. "काय न्हाई. लागतोय का बघितलं."

चार नंबरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात अजूनही उणे ७९ येतं. तिथल्या थप्प्यांची कार्डं तात्या गल्लीच्या तोंडाशी खिळ्याला अडकवून ठेवतात आणि तिथेच स्कॅन करतात.